क्लायंटचं ॲप क्लायंटच्याच खात्यावर कसं टाकावं

‘आत्ता आमच्या अकाउंटवर टाकू, नंतर तुमच्या नावावर करून देऊ.’ हे वाक्य क्लायंटसमोर कधीही बोलू नका. मी बोललो होतो आणि त्याची किंमत दीड वर्ष मोजली. अजूनही नवी मुलं हाच सल्ला एकमेकांना देताना ऐकतो तेव्हा चीड येते, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

गूगल प्ले किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरवर ॲप टाकायला डेव्हलपर खातं लागतं. तुमच्या एका खात्यावर दहा क्लायंटांची ॲप्स असली आणि त्यातल्या एकाने नियम मोडल्यामुळे खातं बंद झालं, तर उरलेल्या नऊ जणांची ॲप्सही जातात. गूगल तर त्या खात्याशी संबंधित दिसणारी इतर खातीही बंद करतं. शिवाय ॲपच्या नावाखाली तुमचं नाव दिसतं. पैशांच्या ॲपवर अनोळखी नाव पाहिलं की पतसंस्थेचे सभासद विचारणारच, ‘हे खरं की फसवं?’ एकाच साच्यातून बऱ्याच क्लायंटांना ॲप्स काढून देत असाल तर ॲपलचा ४.२.६ हा नियमही वाचा. अशी ॲप्स ज्याचा मजकूर त्यानेच सादर करायची असतात.

खातं कोणत्या प्रकारचं

गूगल प्ले कन्सोलला (गूगलच्या डेव्हलपर खात्याला) एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. दोन्ही क्लायंटच्या कार्डावरून भरा. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते आधी सुरू करून घ्यायला सांगा.

कंपनी, ट्रस्ट, सहकारी संस्था असेल तर संस्थेचंच खातं काढा. कर्ज-ठेवींची किंवा आरोग्याची ॲप्स गूगल वैयक्तिक खात्यावर घेतच नाही. एकट्या मालकीच्या दुकानाला मात्र ॲपलकडे मालकाच्या नावानेच वैयक्तिक खातं काढावं लागतं, दुकानाचं नाव तिथे चालत नाही. या खात्यात इतरांना ॲपवर सही करायची डिजिटल प्रमाणपत्रं काढता येत नाहीत, म्हणून त्या कामाला मालकांना शेजारी बसवायची तयारी ठेवा. गूगलवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ परीक्षकांसह सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त निवडलेल्या लोकांपुरती) घ्यावी लागते. हे दिवस वेळापत्रकात धरा.

नाव आणि डन्स नंबर: इथे थांबा

संस्थेच्या खात्यासाठी ॲपल आणि गूगल दोघांनाही डन्स नंबर लागतो. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी व्यवसायांना देते तो हा नऊ अंकी क्रमांक. तो मोफत मिळतो, काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. बहुतेक सल्ले इथे ‘फॉर्म भरा, नंबर येईल’ एवढं सांगून पुढे जातात. नंबर येतोच. पण त्या नोंदीत जे नाव आणि जो पत्ता चढतो, त्याच्याशीच पुढचा प्रत्येक कागद ताडून पाहिला जातो, आणि आपल्याकडच्या संस्थांचं नाव सगळ्या कागदांवर सारखं असणं दुर्मीळ.

एका नागरी सहकारी पतसंस्थेसाठी पासबुकाचं ॲप करत होतो. लेटरहेडवर संस्थेचं नाव तीन शब्दांचं. नोंदणी प्रमाणपत्रावर तेच नाव सात शब्दांचं, शेवटी ‘मर्यादित’, आणि सगळं मराठीत. पॅनकार्डावर इंग्रजीतला ‘श्री’ एका आयने, बँकेच्या कागदांवर दोन ईंनी. वीजबिलावर जुन्या इमारतीचा पत्ता. मी घाईत लेटरहेड पुढ्यात ठेवून अर्ज भरला. नंबर आला, ॲपलच्या अर्जातही तेच नाव टाकलं, आणि पडताळणीत कागद मागितले गेले तेव्हा एकही कागद जुळेना. मधेच ॲपलचा पडताळणीचा फोन संस्थेच्या लँडलाइनवर आला. काउंटरवरच्या क्लार्कने ‘आमचं असलं काही नाही’ म्हणून तो ठेवून दिला. त्यांची काही चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

नोंद दुरुस्त होईपर्यंत आठवडे गेले. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि अध्यक्षांना ॲप सभेत दाखवायचं होतं. शेवटी मी ते माझ्या खात्यावरून सोडलं.

म्हणून आता अर्ज भरण्याआधी मी चार कागद एका टेबलावर मांडतो: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटीचं प्रमाणपत्र आणि वीजबिल. नोंदणी प्रमाणपत्र इंग्रजीत असेल तर त्यावरचं नाव अंतिम. फक्त मराठीत असेल तर पॅनवरचं स्पेलिंग अंतिम. ते नाव आणि पिनकोडसह पत्ता एका कोऱ्या कागदावर अक्षर न् अक्षर लिहायचा आणि सचिवांची सही घ्यायची. जे कागद जुळत नाहीत ते आधी दुरुस्त करून घ्यायचे. क्लायंट म्हणतो, ‘एवढ्याशा स्पेलिंगने काय होतंय?’ ऐकू नका. संस्थेची वेबसाइट चालू हवी, तीही संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर, आणि तळाशी तेच नाव हवं.

अर्ज तुम्ही स्वतःच्या नावाने भरू नका. बाहेरच्या कंत्राटदाराने संस्थेतर्फे नोंदणी करणं ॲपलला मान्य नाही. संस्थेसाठी करार करायचा अधिकार असलेला माणूस लागतो, म्हणजे अध्यक्ष, सचिव किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी. कार्यकारी मंडळाचा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. लँडलाइनच्या शेजारी एक चिठ्ठी चिकटवा: ‘ॲपलकडून फोन आला तर सचिवांना द्यावा.’ अजूनही मी प्रत्येक ठिकाणी ती स्वतः चिकटवून येतो.

गूगल स्वतःच सांगतं की डन्स नंबर यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. ॲडव्हान्स जमा झाला त्याच दिवशी हे काम सुरू करा. डिझाइन नंतर.

मेल आणि ओटीपी

खातं संस्थेच्या डोमेनवरच्या, पदाच्या मेलवर काढा, कुणा कर्मचाऱ्याच्या जीमेलवर नाही. नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मोबाईलवर जाणाऱ्या ओटीपीमुळे अडकलेली ॲप्स मी पाहिली आहेत. ॲपलच्या खात्याला एकाहून अधिक विश्वासू नंबर जोडता येतात. दोन जोडा, दोन्ही संस्थेतल्या माणसांचे. तुमचा नंबर मुळीच नको.

तुमची जागा

क्लायंटच्या खात्यात तुम्ही फक्त वापरकर्ता: गूगलवर त्या ॲपपुरत्या परवानग्या, ॲपलवर ॲडमिन किंवा ॲप मॅनेजर ही भूमिका. ॲपलचे बदललेले करार स्वीकारणं आणि वार्षिक नूतनीकरण ही कामं अकाउंट होल्डरच, म्हणजे खातं ज्याच्या नावाने काढलं तोच, करू शकतो. त्यांच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकून द्या. मुदत संपली तर ॲप स्टोअरवरून उतरतं. फोनमध्ये आहे ते चालतं, पण नव्या माणसाला मिळत नाही.

पॅकेजचं नाव आणि किल्ल्या

पॅकेजचं नाव, म्हणजे स्टोअरमधली ॲपची ओळख, क्लायंटच्या डोमेनवरून ठेवा, तुमच्या कंपनीवरून नाही. एकदा प्रकाशित झाल्यावर ते बदलत नाही. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवरच्या नव्या ॲप्सची खरी साइनिंग की (ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली) गूगलकडेच असते. तुमच्याकडची अपलोड की (ॲप गूगलकडे पाठवताना वापरायची किल्ली) हरवली तर खातेदार नवी मागू शकतो. त्याआधीचं, स्वतःच्या कीस्टोरवर (साइनिंग की ठेवलेल्या फाइलवर) चालणारं ॲप हातात आलं तर ती फाइल, एलियस (त्यातल्या किल्लीचं नाव) आणि दोन्ही पासवर्ड पहिल्याच दिवशी मागून घ्या. ती फाइल गेली तर त्या ॲपचं अपडेट कायमचं गेलं.

फायरबेसची (ॲपमागच्या गूगलच्या सेवेची) मालकी, नकाशांच्या एपीआयचं (ॲपमध्ये नकाशे दाखवणाऱ्या सेवेचं) बिल, पेमेंट गेटवेचं केवायसी आणि एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांकडची डीएलटी नोंदणी, हे सगळं क्लायंटच्या नावाने.

आधीच चूक झाली असेल तर

गूगलवर हस्तांतर सोपं आहे. दोन्ही खाती चालू हवीत आणि क्लायंटच्या नोंदणीच्या पेमेंटचा व्यवहार क्रमांक हवा. वापरकर्ते, रेटिंग, परीक्षणं सगळं सोबत जातं. चाचणीचे गट नव्याने करावे लागतात.

ॲपलवर जपून. विनंती पाठवल्यापासून ६० दिवसांत समोरच्याने स्वीकारायची असते. रेटिंग सोबत जातात, पण टीम आयडी (ॲपलने खात्याला दिलेली ओळख) बदलतो. त्यामुळे पुश नोटिफिकेशनची की नवी काढा. ॲपमध्ये ‘साइन इन विथ ॲपल’ (ॲपलच्या खात्याने लॉगिन) असेल तर प्रत्येक वापरकर्त्याची ओळख बदलते. हस्तांतरानंतर ६० दिवसांच्या आत ती नव्या टीमसाठी फिरवून घेतली नाही, तर जुने सभासद नवे म्हणून आत येतात. पतसंस्थेच्या ॲपचं हस्तांतर केलं तेव्हा या एका कामात माझे पाच दिवस गेले, आणि त्याचे पैसे मागायला तोंड नव्हतं.

करार

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून करून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा पहिला मालक ते लिहिणाराच असतो. क्लायंटने पैसे दिले म्हणून मालकी आपोआप त्याच्याकडे जात नाही. त्यासाठी लेखी, सही केलेलं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहा आणि शेवटचा हप्ता मिळाल्यावर हक्क जातील असं कलम घाला.

तुमचं संरक्षण या कलमात आहे. पैसे अडकू नयेत म्हणून क्लायंटचं खातं स्वतःकडे ठेवणारे खूप आहेत. ते चुकीचं आहे आणि त्याने क्लायंट कायमचा जातो. त्यापेक्षा शेवटचा हप्ता ॲप सर्वांसाठी खुलं करण्याच्या आदल्या दिवशी घ्या.

देखभालीचा करार नसेल तर काम सोपवण्याच्या दिवशी सचिवांना त्यांच्याच फोनवरून दोन्ही कन्सोल उघडायला लावा. वापरकर्त्यांच्या यादीत तुमचं नाव शोधायला सांगा आणि ते त्यांच्याच हातून काढून टाकायला लावा.