दुनळीचं लॉक: झीज की जखम?

सोयाबीनची मळणी उरकली, ज्वारीची पेरणी अजून व्हायची आहे, मधे खंडेनवमी आहे. घरातली बारा बोअरची दुनळी कपाटातून काढायला मराठवाड्यात याहून बरा मुहूर्त नाही. एरवी आपण काय करतो? वरून तेलाचं फडकं फिरवतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो, परत आत. पूजा होते, पण लॉक, म्हणजे नळ्या मिटून घट्ट धरणारी जोडणी, कोणी पाहत नाही. मग हुरड्याच्या दिवसांत रानडुकरं शिरली की शेतातल्या आखाड्यावर तीच बंदूक न्यायची. (रानडुकरावर बार काढायला वन खात्याची लेखी परवानगी लागते, शस्त्राचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.) तेव्हा यंदा पूजेच्या आधी दोनेक तास काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्यायची वेळ आली आहे का, ते स्वतः बघा.

मोबाइलवर परदेशातल्या रायफलींचे व्हिडिओ पाहून घरातली पोरं सायलेन्सरच्या, म्हणजे बाराचा आवाज दाबणाऱ्या नळकांड्याच्या, लॉकचं विचारतात. तो विषय आपल्यासाठी तिथंच संपतो, कारण 1959 च्या शस्त्र कायद्यात आवाज कमी करणारं साधनसुद्धा बंदुकीतच मोजलेलं आहे. पण तिथल्या रायफलवाल्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न एकच आहे. लोखंडावर लोखंड घासून चमक आली, ती साधी झीज की जखम?

आधी कागद. परवान्यावरचा बंदुकीचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळवून घ्या, मुदत बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, त्यामुळं तारीख विसरायला वेळ भरपूर मिळतो. वडिलांच्या नावची बंदूक असेल आणि वडील आता नसतील, तर ती घरात ठेवून तपासत बसू नका; ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, वारसाचा अर्ज त्यानंतर. परवानाधारक म्हातारे आहेत, जिल्ह्याच्या गावी जाववत नाही, असं असेल तर दुरुस्तीसाठी दुसऱ्याला नेता येते, मात्र त्यांच्या सहीचं लेखी पत्र सोबत हवं. ही सवलत कायद्यातच आहे, तरी अनेक घरांना ती ठाऊक नसते.

मग बंदूक रिकामी करणं. उघडा, काडतुसाच्या दोन्ही घरांत नजर टाका, बोट घालून बघा, आणि काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. त्याच टेबलावर काडतुसं ठेवून लॉक तपासणारे महाभाग मी पाहिलेत. पोरांना बाहेर पाठवा, किंवा मोठी असतील तर जवळ बसवून दाखवा. दाराच्या फटीतून बघायला मात्र ठेवू नका.

साहित्य घरचंच लागतं. जुन्या धोतराचा पांढरा तुकडा, मऊ दात घासायचा ब्रश, रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर थोडं डिझेल, शिलाई मशीनचं तेल, खडू, बॅटरी, भिंग. मोटारसायकलच्या मिस्त्रीकडं टॅपेट सेट करायच्या पातळ पट्ट्या असतात, त्यातली सगळ्यात बारीक, पाच शतांश मिलिमीटरची, एका दुपारपुरती मागून आणा. फोनचा कॅमेरा लागेलच. कानस आणि हातोडी टेबलाच्या जवळपासही नको.

तपासण्याआधी धुणं, हा क्रम उलटा करू नका. आमच्याकडचा फुफाटा काही साधा नाही. मळणी यंत्राची धूळ तेलात मिसळली की तिचा लगदा होतो आणि तो बिजागरीच्या खाचेत, नळ्यांखालच्या ठोकळ्यांमागं आणि काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीखाली जाऊन बसतो. या घाणीमुळं झिजलेलं लॉक घट्ट वाटतं आणि चांगलं लॉक पुरतं बंद होत नाही. पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या उतरवा, ब्रशनं सगळे कोपरे धुवा, कोरडे पुसा. तेल शेवटी लावायचं.

आता दुनळीचं लॉक असतं तरी काय, ते डोळ्यासमोर आणा. नळ्यांच्या पोटाला मागं दोन लोखंडी ठोकळे असतात. पुढच्या ठोकळ्याला पुढून अर्धगोल खाच असते, ती बिजागरीच्या खिळीवर बसते. दोन्ही ठोकळ्यांना मागून एकेक खाच असते आणि बंदूक मिटली की तळातून एक सरकती पट्टी पुढं येऊन त्या दोन्ही खाचांत शिरते. ती पट्टी वरच्या लिव्हरला जोडलेली. लंडनच्या पर्डी यांनी 1863 मध्ये या दुहेरी पट्टीचं पेटंट घेतलं आणि पुढं बहुतेक दुनळ्या त्याच धर्तीवर बनल्या. बार उडतो तेव्हा नळ्या पुढं आणि खाली जाऊ पाहतात; त्यांना पुढं जाऊ न देणारी ती खीळ आणि खाली जाऊ न देणारी ती पट्टी. लॉकची झीज म्हणाल तर मुख्यतः या दोनच जागी.

लिव्हरपासून सुरुवात करा. नळ्या जोडून बंदूक हळू मिटा आणि लिव्हर कुठं थांबते ते मागून पाहा. नव्या बंदुकीत ती सहसा मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडं थांबते. पट्टी झिजत गेली की आणखी पुढं घुसते आणि लिव्हर मध्यावर येते. मध्यावर आली म्हणून घाबरायचं कारण नाही, ही पट्टी तिरकी घडवलेली असते ती याचसाठी, की झीज तिची तिनंच भरून काढावी. लिव्हर मध्य ओलांडून डावीकडं गेली असेल तर मात्र ती भरून काढायची जागा संपत आली. नुसत्या एका नजरेत निकाल देऊ नका; फोटो काढा, तारीख घाला, पुढच्या दसऱ्याला त्याच कोनातून पुन्हा काढा. जिथं आहे तिथंच वर्षानुवर्षं थांबणारी लिव्हर मला चालते. वर्षभरात सरकलेली चालत नाही.

मग उजेडाची परीक्षा. रिकामी, मिटलेली बंदूक खिडकीकडं धरा आणि नळ्यांची मागची कड व तिच्यामागची उभी भिंत यांच्यामधून पाहा. उजेडाची रेघ दिसली तर मिस्त्रीकडची ती पातळ पट्टी अलगद घालून बघा. जबरदस्ती नको. पट्टी आत जात असेल तर नळ्या भिंतीपासून सुटल्या आहेत, म्हणजे खीळ किंवा तिच्यावर बसणारी खाच झिजली. इथं एक फसगत होते. पुढचा लाकडी भाग जागेवर असला की त्यातली स्प्रिंग नळ्या मागं रेटून धरते आणि फट लपते. म्हणून तो भाग काढून, बंदूक मिटलेलीच ठेवून, टेबलावर गादी किंवा घोंगडी अंथरून तिच्यावर पुन्हा बघा. लाकडी भाग नसताना लिव्हर दाबली तर नळ्या निसटून खाली येतील, त्यामुळं लिव्हरला हात लावू नका.

त्याच अवस्थेत एका हातात दस्त्याची मूठ, दुसऱ्या हातात नळ्या धरून हलवा. जोर लावायचा नाही, फक्त जाणवून घ्यायचं. पुढंमागं टकटक वाजलं तर खीळ. वरखाली हललं तर सरकती पट्टी. डावीउजवीकडं हललं तर ठोकळे आणि त्यांच्या खोबणीच्या भिंती. कोणती टकटक कोणत्या दिशेनं आली ते कागदावर लिहा, कारण दुरुस्तीवाल्याला ‘ढिली झालीय’ एवढं सांगून काही कळत नाही.

आता झीज आणि जखम. नळ्या उतरवून खाचा भिंगाखाली घ्या. खाचेच्या पूर्ण रुंदीवर सारखी, गुळगुळीत, आरशासारखी चमक असेल तर ती निरोगी झीज. पट्टी सगळीकडून टेकते आहे एवढाच तिचा अर्थ. वरचा काळा रंग गेला म्हणून कोणी काळजी करत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. चमक एकाच कोपऱ्यात असेल, दोनपैकी एकाच खाचेला असेल, तर भार वाटला जात नाही. शंका असेल तर दिव्याच्या काजळीचा पातळ हात खाचांना द्या, बंदूक एकदा हळू मिटून उघडा. काजळी जिथली पुसली तिथं स्पर्श, उरली तिथं पोकळी. काजळी नंतर पुसायची आठवण ठेवा. कडेवरून नख फिरवा. कड बाहेर वळली असेल, नख अडत असेल, धातू दाबून पसरल्यासारखा दिसत असेल, तर ती झीज नव्हे, तिथं मार बसला आहे. खोल ओरखडे दिसले तर बहुतेक वेळा धुळीचे खडे कारणीभूत असतात, बार नव्हे.

सगळ्यात वाईट जखम मात्र खाचेत नसते. नळ्या ज्या सपाट पट्टीवर बसतात ती पट्टी आणि मागची उभी भिंत जिथं काटकोनात मिळतात, त्या कोपऱ्यात तडा जातो. प्रत्येक बाराला ती भिंत मागं झुकू पाहते आणि सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो. तिथं रॉकेलचं बोट फिरवा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडं खणखणीत पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली बारीक रेघ बनून उमटतं. रेघ उमटली नाही म्हणजे तडा नाहीच अशी हमी नाही, पण उमटली तर त्या बंदुकीतून आता एकही बार नाही. रोहींचा, म्हणजे नीलगायींचा, कळप तुरीत शिरला तरी नाही.

जुन्या घरच्या बंदुकीत आणखी एक गोष्ट शोधा: आधीच्या पिढीची गावठी दुरुस्ती. खाचेत दाबून बसवलेला पत्र्याचा तुकडा, बिजागरीभोवती पोगरानं मारलेले ठिपके, ठोकळ्यावर वेल्डिंगचा फुगवटा. हे सगळं लॉक महिनाभर घट्ट दाखवतं आणि नंतर आधीपेक्षा ढिलं करतं. खरी दुरुस्ती म्हणजे नवी जाडसर खीळ बसवणं किंवा खाच भरून ती काजळी लावत लावत हातानं जुळवणं. ते काम परवानाधारक कारागिराचंच. ट्रॅक्टरची वाटी बसवणाऱ्या लेथवाल्याकडं नेणं हे चुकीचं तर आहेच, बेकायदाही आहे.

नळ्यांचं थोडक्यात. उजेडाकडं धरून आतल्या वर्तुळाकार सावल्या बघा, कुठं तुटली तर तिथं पोचा किंवा फुगवटा. ठोकळ्याला दोरा बांधून लटकवा आणि बोटानं टिचकी मारा. घंटेसारखी वाजली तर बरं, बद्द वाजली तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली असू शकते.

काडतुसाची लांबी लॉकच्या विषयात का येते, असं वाटेल. कित्येक जुन्या इंग्रजी दुनळ्यांचं घर अडीच इंचाचं, म्हणजे 65 मिलिमीटरचं असतं; बर्मिंगहॅमचे शिक्के नळ्यांच्या पोटाला असतात, त्यात ते बऱ्याचदा वाचता येतं. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं 65 आणि 70 अशा दोन्ही मापांत आलेली आहेत. 70 चं काडतूस 65 च्या घरात आरामात बसतं, कारण पुठ्ठ्यावर छापलेलं माप उडून उलगडल्यानंतरचं असतं. बसलं म्हणजे चाललं, असं नव्हे. उलगडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि तो सगळा आपल्या खिळीवर येतो. तेव्हा डब्यावरचं माप आणि नळीवरचं माप, दोन्हीचे फोटो घ्या.

सगळं झाल्यावर खिळीला आणि खाचांना तेलाचा अगदी पातळ हात. बेअरिंगचं ग्रीस थापू नका, आमच्या धुळीला तेच हवं असतं. मिटताना नळ्या झटक्यानं वर फेकून ‘खट्ट’ आवाज काढायची हौस सोडा. लिव्हर अंगठ्यानं धरून दस्ता वर आणायचा आणि लिव्हर सावकाश सोडायची. बार काढून जेवढी लॉकं गेली नसतील तेवढी या खटक्यानं गेली आहेत. लग्नात हवेत बार काढायच्या हौसेबद्दल बोलायला नको, 2019 पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे. चाप तपासायचा तर नळीच्या घरात खोटी काडतुसं घालूनच.

कारागिराकडं नेताना टकटक लिहिलेला तो कागद, फोटो, मूळ परवाना. बंदूक रिकामी, सुटी करून, पेटीत. काम देताना दोन गोष्टी लिहून घ्या: नळ्यांच्या पोटाला पॉलिश मारायचं नाही, तिथले नंबर आणि शिक्के घासले गेले तर पुढं परवान्याच्या वेळी तुम्हीच अडचणीत, आणि बदललेली जुनी खीळ किंवा पट्टी परत द्यायची. ताबा घेताना पावतीवर नंबर तपासा आणि पैसे देण्याआधी तिथंच लाकडी भाग काढायला सांगून उजेडाची परीक्षा पुन्हा करा. चांगला कारागीर रागावत नाही, स्वतःच बंदूक खिडकीकडं धरून दाखवतो.