शेल्टरमधल्या कुत्र्यांसाठी स्वस्तात व्यायामाचं सामान

तीन पायांचं, म्हातारं, आंधळं, सगळी एकाच वाड्यात असतील तर सामान सगळ्यात अशक्त कुत्र्याच्या मापाने बनवा, धडधाकट त्यावरून पळतीलच. आधी कुत्र्याचा चालतानाचा बाजूने व्हिडिओ काढून व्हेटना, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा, कुठल्या पायावर वजन टाकत नाही ते कळतं.

सगळ्यात कामाचे पीव्हीसी पाईप, ओळीने मांडायचे आणि कुत्र्याला एकेक पाय उचलून ओलांडायला लावायचं. पाऊण इंची दहा फुटी पाईप घ्या, तीन-तीन फुटाचे तुकडे करा, कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा. पहिला आठवडा पाईप जमिनीवरच, लोळू नये म्हणून दोन्हीकडे खडे लावायचे. दोन पाईपमधलं अंतर साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं, मग त्याचं पाऊल बघून कमीजास्त करायचं. जमायला लागलं की दोन्ही टोकांना आडव्या विटा, आणि पाईप विटेच्या खळग्यात नुसता टेकवायचा, धक्का लागला की पडला पाहिजे. मी पहिल्यांदा सोल्युशन लावून फ्रेम पक्की केली होती, आमच्या तीन पायांच्या लालीचा पाय अडकला आणि नंतर आठ दिवस ती पाईप दिसला की मागे सरकायची, फार वाईट वाटलं. तिला आता दोन-तीन मिनिटंच चालवते, उरलेल्या पायांवर सगळा भार येतो ना.

कोब्यावर पाय घसरतात म्हणून खाली जुन्या योगा मॅट, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की मिळतात. गोणपाट वाशीच्या एपीएमसी मार्केटात स्वस्त पडतं, पण नुसतं टाकलं तर तेच सरकतं, मॅटला टाके घाला. आंधळ्या कुत्र्यासाठी प्रत्येक पाईपच्या आधी गोणपाटाची पट्टी ठेवा, पायाला कळतं आता अडथळा येणार, आणि मांडणी रोज बदलू नका.

मागचे पाय कमजोर असतील तर जुनी चादर घडी करून पोटाखालून धरा, नर असेल तर लघवीच्या जागेवर दाब येऊ देऊ नका.

वर्षाच्या आतल्या पिल्लांना उड्या नकोत, हाडं वाढत असतात.

अडथळ्यासाठी जुने टायर फुकट मिळतात पण तार बाहेर आलेला घेऊ नका, आणि खाली भोकं पाडा, पावसाळ्यात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. एप्रिल-मेमध्ये उन्हं चढायच्या आत आटपा, तळहाताची मागची बाजू पाच सेकंद जमिनीवर टेकवून बघा, चटका बसला तर त्या दिवशी सावलीतच चालवा.