गडग्याला लागलेलं मडगार्ड

आमची पद्मिनी गाडी 1984 सालची, बाबांची. यंदा शिमग्यात पालखी यायची म्हणून अंगण मोकळं करताना भाच्याने ती रिव्हर्समध्ये थेट जांभ्याच्या गडग्याला लावली. "आत्या, थोडंसंच लागलंय!" थोडंसं म्हणजे मागच्या मडगार्डला ताटलीएवढा पोचा आणि कडेने उठलेली वळी.

पहिलं काम लोहचुंबकाचं. पातळ फडक्यात गुंडाळून पोच्याभोवती फिरवा. नीट चिकटत नाही तिथे वर लांबीचा, म्हणजे खड्डा भरायच्या पुट्टीचा, जाड थर आहे असं समजा. आमच्याकडे चाकाच्या कमानीवर ते सरळ खाली पडलं. पूर्वी कोणा कारागिराने पोचा न काढताच लांबी थापून रंग मारलेला, आणि खरवडल्यावर खाली गंजाची पोळी! अशी जुनी लांबी सगळी काढा. पत्र्याला भोक पडलं असेल तर तो वेल्डिंगवाल्याचा प्रांत.

आता डिकीचं अस्तर काढून आतून हात घाला. एका हातात डॉली, म्हणजे गुळगुळीत लोखंडी ठोकळा, दुसऱ्यात सपाट तोंडाची हातोडी. नवशिके खोल भागावर आतून दणादण हाणतात. मीही हाणलं होतं. पण पोचा पडताना जे सगळ्यात शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं असतं, म्हणजे कडेची वळी. खोलगट भागाला आतून डॉली दाबून धरा आणि बाहेरून वळीवर हलके ठोके द्या. वळी बसत जाते तसा मधला भाग वर येतो. घाई केली आणि पत्रा हातोडी-डॉलीच्या मध्ये चेपत राहिला, तर तो पातळ होऊन पसरतो. मग अंगठ्याने दाबलं की डब्याच्या झाकणासारखा टक् वाजतो. माझा वाजला. मिस्त्रींनी गॅसने चार आण्याच्या नाण्याएवढी जागा लाल केली, भोवतीने ठोकली आणि ओल्या फडक्याने आवळली. हे घरी करू नका, पेट्रोलची टाकी मागेच असते.

सपाटी डोळ्यांना फसवते. तळहाताखाली सुती फडकं घेऊन हात तिरका फिरवा. किंवा पत्र्यावर रॉकेलचा बोळा फिरवून तिरप्या उजेडात बघा, प्रत्येक लाट दिसते. नंतर थिनरने स्वच्छ पुसा.

खोली 2 मिलिमीटरच्या आत आली की हातोडी ठेवा. आधी इपॉक्सी प्रायमर, तो वाळल्यावर लांबी. 100 ग्रॅमला साधारण 2 ग्रॅम हार्डनर, आणि थोडी थोडीच कालवा, काही मिनिटांत ती दगड होते. लाकडी ठोकळ्यावर 80, 180, 320 नंबरचा पेपर लावून कोरडीच घासा. लांबी पाणी पिते.

आपल्याकडे खरा वैरी खारा वारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस दिसतो. म्हणून घासलेला पत्रा गोड्या पाण्याने धुवा, खडखडीत वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. थंडीतही दव सुकेपर्यंत, म्हणजे दहाच्या आधी, मी डबा उघडत नाही.

रंगानंतर आतून गंजरोधक काळा लेप द्या, पण पाणी निथळायची खालची भोकं बुजवू नका. बुजलीच तर खराट्याची एक हीर घालून मोकळी करा.