लघवी कमी झालीय, क्रिएटिनिन वाढलंय, मग आता काय करायचं

मी पुण्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की आठवड्याभरात आमच्याकडे एखादा तरी वारकरी पेशंट येतोच, आणि मागच्या खेपेला तो आमचाच मामा निघाला म्हणून किडनीला अचानक बसणाऱ्या या माराबद्दल (अक्यूट किडनी इंज्युरी) सविस्तर लिहितोय. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, जो किडनी लघवीवाटे बाहेर टाकते; किडनी मंदावली की तो रक्तात साठतो.

मामा ६४ वर्षांचे, वजन साठच्या आसपास, बीपीची गोळी चालू, ती पण टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी एकत्र असलेली. आळंदीपासून चालत होते, गुडघे धरले म्हणून मेडिकलवाल्याकडनं डायक्लोफेनॅक या पेनकिलरच्या गोळ्यांची पट्टी घेतली, सकाळ-संध्याकाळ एकेक. दिवेघाट चढताना घामाने निथळले, पाणी कमी प्यायले (का तर वाटेत लघवीची सोय नसते), आणि सासवडला पोचल्यावर जुलाब लागले. हडपसरला परत आणलं तर गल्लीतल्या एका डॉक्टरांनी अंग दुखतंय म्हणून वर अजून पेनकिलरचंच इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी मामी फोनवर म्हणाली, "अरे यांना सकाळपासून एकदाच झाली, आणि ती पण चहासारखी."

आता यात झालं काय ते बघा, कारण बऱ्याच केसेस अशाच असतात. किडनीला रक्त कमी पोचलं की ती आतल्या आत रक्ताच्या नळ्या आवळून-सोडून प्रेशर सांभाळते. पेनकिलर आत येणारी नळी आवळते, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखं बीपीचं औषध बाहेर जाणारी नळी सैल करतं, पाण्याची गोळी अंगातलं पाणी काढते, आणि त्यात जुलाब, म्हणजे चारही बाजूंनी कोंडी. म्हणून बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्याने डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक वगैरे मनाने घ्यायचंच नाही. दुखलंच तर पॅरासिटामॉल, ते पण डोस सांभाळून. आणि उलट्या-जुलाब चालू असतील तर डॉक्टरांना फोन करून सरळ विचारा की टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी, शुगरच्या मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन यातलं काय थांबवू आणि परत कधी चालू करू. ओआरएस डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलंच घ्या आणि पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरमध्येच कालवा, लोक अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकतात.

बाकी कारणं पण असतात. लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), मलेरिया, डेंग्यू, जंतुसंसर्ग रक्तात पसरणं, काही अँटिबायोटिक्सची इंजेक्शनं, कुठलीतरी भस्मं. मुळशी-मावळकडे भातलावणीत घोणस चावली तर किडनी बसू शकते, तिथे एक मिनिट न घालवता सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटी-व्हेनम) असलेलं हॉस्पिटल गाठायचं. आणि आजोबांना प्रोस्टेटमुळे लघवी अडली असेल तर किडनी चांगली असून पण तुंबते, त्यांना लघवीची नळी घातली की एकदम लिटरभर लघवी येते आणि तुमचं अर्धं टेन्शन तिथेच संपतं.

घरी काय बघायचं तर लघवी मोजा. हसू नका, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या, त्यावर मार्करने खुणा करा. हिशोब असा की वजनाच्या किलोमागे तासाला अर्धा मिली तरी हवी, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सहा तासात १८० मिली. त्याच्या खाली गेली तर आजच दाखवा. सात-आठ तास थेंब नाही, दम लागतोय, पायावर-तोंडावर सूज, गुंगी, सतत मळमळ, यातलं काही असेल तर ओपीडीची वाट न बघता इमर्जन्सीत जा, गाडी नसेल तर १०८. पण एक सांगतो, लघवी ठीक होतीये म्हणून किडनी ठीक असं नाही, काहींची लघवी नेहमीसारखी चालू असते आणि क्रिएटिनिन चढत असतं.

क्रिएटिनिनचं गणित लोकांना कळत नाही. ४८ तासात ०.३ ने (रिपोर्टवरच्या mg/dL मध्ये) वाढलं, किंवा सात दिवसात नेहमीच्या दीडपट झालं, की अक्यूट किडनी इंज्युरी. समजा बाईंचं नेहमी ०.७ असतं आणि दोन दिवसात १.१ झालं, रिपोर्टवर बहुतेक ठळक अक्षरात काही येणार नाही कारण बऱ्याच लॅबच्या रेंजमध्ये ते बसतं, तरी किडनीला मार बसलाय. म्हणून जुना रिपोर्ट शोधा. मामाचा कशातच सापडेना, शेवटी मामेभावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दीड वर्षापूर्वीच्या चेकअपची पीडीएफ निघाली, ०.९. आणि आत्ताचं ३.८. त्या एका पीडीएफमुळे डॉक्टरांना लगेच कळलं की हे जुनं दुखणं नाही, आत्ताचं आहे.

सोबत युरिया, सोडियम-पोटॅशियम, लघवी रुटीन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पोटाची सोनोग्राफी होते. सोनोग्राफीत किडनीचा आकार आणि अडथळा दिसतो, बारीक आक्रसलेली किडनी म्हणजे बहुतेक जुना आजार. लघवीत प्रथिनं आणि रक्त बरंच असेल तर कधी बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) सांगतात. आणि क्रिएटिनिन मागून धावतं, हे लक्षात ठेवा. उपचार सुरू होऊन पण मामाचं दुसऱ्या दिवशी ४.२ झालं, मामी रडायला लागली, हॉस्पिटल बदलू म्हणाली. चौथ्या दिवसापासून उतरलं.

उपचार म्हणजे किडनी दुरुस्त करणारं औषध नाहीये, कारण काढायचं आणि किडनीला वेळ द्यायचा. पाणी कमी असेल तर सलाईन, इन्फेक्शन असेल तर अँटिबायोटिक, अडथळा असेल तर नळी, गुन्हेगार गोळ्या बंद. सलाईन मोजूनच, लघवी होत नसताना बाटल्यावर बाटल्या चढवल्या की पाणी फुप्फुसात जातं, त्यामुळे गल्लीतल्या दवाखान्यात "दोन सलाईन लावून टाका" हे करू नका. "लघवीचं इंजेक्शन द्या ना" असं पण नातेवाईक मागे लागतात, त्याने अंगातलं जास्तीचं पाणी निघू शकतं, किडनी बरी होत नाही.

आणि शहाळं! हॉस्पिटलच्या गेटवर शहाळेवाला असतोच, भेटायला येणारा प्रत्येक जण दोन घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, किडनी बंद असताना ते बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मामाच्या स्टुलावर तीन शहाळी ठेवलेली होती, पोटॅशियम वाढून ६.२ झालेलं आणि ही शहाळी. मी उचलून नर्सिंग स्टेशनला दिली, मावशी रुसल्या. केळी, मोसंबी ज्यूस यांचं पण तेच, डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. पोटॅशियम वाढलं की ईसीजी काढतात, कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, ग्लुकोजसोबत इन्सुलिन देतात. मामेभाऊ भांडायला उठला होता, "बाबांना शुगर नाही, इन्सुलिन कशाला?" अरे बाबा, इन्सुलिनने पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं, म्हणून.

डायलिसिस कधी? पोटॅशियम औषधाने ऐकत नाही, रक्तात आम्ल फार झालं, फुप्फुसात पाणी आणि लघवी नाही, किंवा युरियामुळे माणूस गुंगलाय. नुसता क्रिएटिनिनचा आकडा बघून नाही. मानेत किंवा जांघेत तात्पुरती नळी घालतात, एका वेळेला साधारण तीन-चार तास. "एकदा लागलं की कायमचं" हे मी रोज ऐकतो आणि या आजारात ते बऱ्याचदा खोटं ठरतं, आमच्याकडनं कितीतरी जण नळी काढून चालत घरी गेलेत. उलट डायलिसिसच्या भीतीने सही करायला दोन दिवस लावतात तिथे काम बिघडतं. खर्चाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) अ‍ॅडमिशनलाच भेटा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

मामाला डायलिसिस लागलं नाही. बरं होताना लघवी एकदम खूप व्हायला लागते, घाबरू नका, पण तेव्हा पण पाणी-क्षार मोजून द्यावे लागतात. दोन आठवड्यांनी १.१. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, जुनी मनाने परत चालू करायची नाही. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) परत तपासायचं असतं, बरं वाटतंय म्हणून हीच टेस्ट सगळे चुकवतात. मामा पण चुकवणार होते, मी घरी जाऊन सॅम्पल घेतलं, तेव्हा औषधाच्या डब्यात डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी अजून तशीच होती.