फिजिओथेरपीला जायचंय आणि ड्रॉप घेतलाय? काम कुठे धरायचं ते असं ठरवा

बारावीचे निकाल लागले की ठाण्यात ओळखीपाळखीतून फोन येतातच: "लेक ड्रॉप घेतेय, फिजिओला जायचंय, तुमच्याकडे बसली तर चालेल का?" चालेल की. पण त्याआधी थोडा गृहपाठ करा.

१. अनुभव कशासाठी हवाय? महाराष्ट्रात बीपीटीएचचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. क्लिनिकमध्ये वर्षभर राबलात तरी मेरिट लिस्टमध्ये एक जागाही वर सरकत नाही. इथला अनुभव फक्त स्वतःला चाचपून बघण्यासाठी, म्हणून दिवसाचे तीन तास पुरे. बाकी वेळ अभ्यासाचा. अमेरिकेतल्या डीपीटीचं (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) गणित वेगळं आहे. तो पदवीनंतरचा, साधारण तीन वर्षांचा कोर्स. तिथली बरीच कॉलेजं फिजिओथेरपिस्टसोबत घालवलेले निरीक्षणाचे तास मागतात. किती तास, आणि भारतातले धरतात का, हे कॉलेजागणिक बदलतं. आधी त्यांना मेल टाका, मग काम शोधा.

२. नावावर जाऊ नका, पेशंट बघा. मी स्वतः इथेच फसलो. नौपाड्यातल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये दोन महिने गेले ते अपॉइंटमेंट लिहिण्यात आणि यूपीआय आलं का बघण्यात. पडद्याआड काय चालायचं ते कधी दिसलंच नाही. पुढे एका छोट्या सेंटरवर गेलो. तिथे गुडघा बदललेल्या एक आजी यायच्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, "दाबा, पाच मोजा, सोडा." आजी तीनवरच सोडायच्या आणि वर आम्हालाच रागवायच्या. रोज गुडघा किती वाकतो ते मोजायला गोनिओमीटर लावायचा, काटा जेमतेम हलायचा. तेच वाक्य, तोच टॉवेल, महिनाभर. याचा कंटाळा येत असेल तर तो आत्ताच कळलेला बरा.

नुसती कंबरदुखी-मानदुखीची ओपीडी पाहून निर्णय घेऊ नका. पक्षाघाताचे पेशंट, विशेष मुलं, घरी जाऊन दिली जाणारी ट्रीटमेंट, यातलं निदान एक तरी बघा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबई गाठता येते. नेरूळला फिजिओथेरपी कॉलेजं आहेत. तिथल्या इंटर्नशी चहावर अर्धा तास बोललात तरी बरंच कळेल. खेळाडूंबरोबर काम करायचं स्वप्न बहुतेकांचं असतं. असू द्या, पण सुरुवात तिथून नको.

३. पहिल्या भेटीत विचारा. फिजिओ राज्य परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का? मला पेशंटजवळ उभं राहता येईल का? मानधन मिळेल का? शेवटचा प्रश्न विचारताना लाजू नका. उत्तर बहुधा "प्रवासखर्च देऊ" असंच येतं.

४. आठवडाभर जाऊन बघा, मगच शब्द द्या. हॉट पॅक आणून देणं, बेडशीट बदलणं, जेल पुसणं, पेशंट उठण्याआधी व्हीलचेअरचे ब्रेक लागलेत ना हे पाहणं, ही तुमची कामं. मशीन लावणं, सांधा वाकवणं ही नाहीत. गर्दीच्या वेळी कुणी "तूच लाव आज" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. पेशंटचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत.

५. वही ठेवा. तारीख, तास, ओपीडी की वॉर्ड, काय पाहिलं. पेशंटचं नाव लिहू नका. डीपीटीच्या अर्जात कुठल्या ठिकाणी किती तास काढले ते भरावं लागतं, तेव्हा ही वही लागते. फिजिओची सही दर शनिवारी घ्या. सहा महिन्यांनी घ्यायला जाल तेव्हा ते दुबईला गेलेले असतील.