लेझर नंतर, आधी रिंग

फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी पुण्यात रक्तवाहिन्यांवर मंद लेझरचा परिणाम अभ्यासायला लागले, तेव्हा माझा सगळा जीव लेझरवर होता. ६३२.८ नॅनोमीटरचा लाल हीलियम-निऑन, पॉवर मीटर, गॉगल. पहिले तीन महिने मात्र चिमट्यापायी वाया गेले.

काम असं असतं. रॅटच्या छातीतली महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, थंड क्रेब्ज द्रावणात (रक्तातल्यासारखे क्षार असलेल्या पाण्यात) घ्यायची, भोवतीची चरबी काढायची, दोन-तीन मिलिमीटरच्या रिंगा कापायच्या. रिंग बारीक तारांवर अडकवून ३७ अंशांच्या ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊतक जिवंत ठेवणाऱ्या कोमट द्रावणाच्या भांड्यात, सोडायची, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे चालू ठेवायचे. तासभराने ताण स्थिरावला की फेनिलेफ्रिन या औषधाने तिला आकसवायचं, मगच लेझर.

त्याआधी ॲसिटिलकोलीन टाकून बघायचं असतं. धडधाकट रिंग सैल पडते, स्क्रीनवरची ताणाची रेघ खाली उतरते. माझी रेघ हलायचीच नाही. चरबी काढताना मी चिमट्याचं टोक आत घालत होते, त्यात पेशींचा एकच थर असलेलं आतलं अस्तर खरवडून निघत होतं. एका सीनियर ताईने माझं मनगट धरून दाखवलं, "फक्त बाहेरची चरबी पकड, वाहिनीला हात लावू नकोस." १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी हेच दाखवलं होतं: अस्तर घासलं गेलं की ॲसिटिलकोलीनने वाहिनी सैलावत नाही. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ पुढे नायट्रिक ऑक्साइड ठरला आणि १९९८ चं नोबेल त्यांना दोघांबरोबर विभागून मिळालं. म्हणून काही रिंगांचं अस्तर मुद्दाम काढून त्याही लावा. लेझरचा परिणाम अस्तरामार्फत होतो की थेट स्नायूवर, हे त्याशिवाय कळत नाही.

याच फर्चगॉटनी १९५५ मध्ये सशाची महारोहिणी नुसत्या उजेडाने सैलावते, असंही नोंदवलं होतं. अतिनील आणि निळा प्रकाश त्यात जास्त प्रभावी. तेव्हा खिडकीला काळं कापड लावा, ट्यूबलाइट बंद करा. नाहीतर उन्हाचा परिणाम लाल लेझरच्या नावावर जातो. लेझर चालू पण झाकण बंद, अशी एक रिंग तुलनेसाठी रोज हवीच. बाथचं तापमानही लिहीत जा, कारण उबेनेही ताण बदलतो.

लेझरच्या मात्रेचा हिशोब तोंडपाठ करा. १० मिलिवॉट अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर १०० सेकंद पडला तर चौरस सेंटिमीटरला २ जूल. नुसतं "पाच मिनिटं दिला" लिहिलेली वही कोणाच्याच कामाची नसते. जास्त मात्रा म्हणजे जास्त परिणाम, असंही नाही. ठरावीक मर्यादेनंतर तो उलट घटतो.

आणि पुण्यात गुरुवारी मोठा प्रयोग लावू नका. त्या दिवशी पाणी किंवा वीज कधी दुरुस्तीसाठी बंद होईल सांगता येत नाही, आणि बाथ थंडावला की त्या दिवसाच्या रिंगा गेल्याच. माझी रेघ पहिल्यांदा खाली उतरली ती एका शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. त्या दिवशी मी लेझर चालूच केला नाही. चारही रिंगांवर पुन्हा ॲसिटिलकोलीन टाकून बघत बसले.