नदीखोऱ्यातली गोल राईड शेवटाकडून आखा

पहिली खोऱ्यातली सायकल राईड मी नकाशावर बोट फिरवून दहा मिनिटांत ठरवली होती. सकाळी प्रवाहाच्या उलट वर जायचं, दुपारी खिंड ओलांडायची आणि दुसऱ्या काठानं उताराउतारानं आरामात परत यायचं. कागदावर झकास! प्रत्यक्षात शेवटचे 30 किलोमीटर मी हँडलवर नाक टेकवून, ताशी जेमतेम 18 च्या वेगानं पॅडल मारत होतो. तेही उतारावर. समोरून वारा होता. तेव्हापासून मी शेवटचा टप्पा आधी आखतो आणि मग मागे मागे येत सुरुवातीपर्यंत पोचतो.

त्या वाऱ्यात नशिबाचा काही भाग नव्हता. ऊन चढलं की खोऱ्याच्या कडा तापतात, तिथली हवा वर सरकते आणि खालच्या मैदानाकडची हवा खोऱ्यात शिरते. त्यामुळे निरभ्र दिवशी दुपारी वारा प्रवाहाच्या उलट वाहतो. रात्री आणि पहाटे दिशा फिरते, पण जोर सहसा कमी असतो. आता नदी किलोमीटरला 3 मीटर उतरत असेल तर तो उतार फक्त 0.3 टक्के. ताशी 25 नं जाताना समोरून ताशी 15 चा वारा आला की हवेचा विरोध अडीच पटीच्या वर जातो. त्यापुढे 0.3 टक्क्यांची काय कथा! म्हणून खालून निघत असाल तर डोंगराची बाजू पहाटेच उरका आणि वारा जोर धरायच्या आत तळानं परत या. वरच्या टोकाला मुक्काम असेल तर सकाळी खाली जा, दुपारी पाठीवर वारा घेऊन वर या. मोठी हवामान प्रणाली सरकत असेल तर हे गणित कोलमडतं, त्यामुळे आदल्या रात्री अंदाज बघायचाच.

चढाची बेरीज करताना मुख्य खिंडीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मला धास्ती असते ती काठाच्या रस्त्याची. नदीला समांतर म्हणून तो नकाशावर सपाट वाटतो, पण डोंगराच्या अंगावरून जात असेल तर प्रत्येक ओढ्याला खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. असे 12 ओढे, दर वेळी 30 मीटर, म्हणजे 360 मीटर चढ नुसता फुकटात. निळ्या रेघा रस्त्याला किती ठिकाणी छेदतात ते मोजा.

ॲपमधल्या चढाच्या आलेखावर डोळे मिटून विसंबू नका. असे बरेच आलेख उपग्रह किंवा अवकाशयानातून मोजलेल्या उंचीवर बेतलेले असतात. फेब्रुवारी 2000 मध्ये एका स्पेस शटलमधून झालेली रडार मोजणी त्यातलीच एक, तिचा एकेक चौकोन साधारण 30 मीटरचा. अरुंद घळीत रस्त्याशेजारचा कडा त्याच चौकोनात येतो आणि आलेखात 25 टक्क्यांची भिंत उभी राहते. बोगद्यावर तर अख्खा डोंगर चढवतात. संशय आला की नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मोजा. सरासरीही फसवते: 8 किलोमीटरमध्ये 400 मीटर म्हणजे 5 टक्के खरे, पण मधले 2 किलोमीटर सपाट असतील तर उरलेला चढ पावणेसात टक्क्यांचा होतो.

गिअर त्या हिशेबानं. पुढच्या चक्राला 34 आणि मागच्याला 28 दात असतील तर पायांची गती मिनिटाला 60 फेऱ्या ठेवून ताशी सव्वानऊच्या आसपास वेग मिळतो. 10 टक्क्यांवर तेवढा वेग टिकत नसेल तर मागे सर्वात मोठं चक्र 34 दातांचं असलेली कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांचा संच) लावा. यात कमीपणा नाही. गुडघे कुरकुरायला लागले की मित्रांच्या टोमण्यांची किंमत कळते.

वेळेचा माझा ठोकताळा: सपाटीच्या वेगानं वेळ काढायची आणि दर 100 मीटर चढाला 5 मिनिटं वाढवायची. 90 किलोमीटर, 1400 मीटर, वेग 25: 3 तास 36 मिनिटं अधिक 70 मिनिटं. थांबे वेगळे.

दिशा ठरवताना अरुंद, खडबडीत बाजू चढायला ठेवा. रुंद आणि गुळगुळीत बाजू उतरायला. वाहतूक डावीकडून असेल तर घड्याळाच्या उलट फिरल्यानं बहुतेक वळणं डावीकडे येतात, रस्ता ओलांडावा लागत नाही. पहाटे थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते, धुकं आणि ओलसर डांबर तिथेच. दिवे हवेतच.

शेवटी पूल. खोऱ्यात पूल म्हणजे माघारीची वाट, म्हणून प्रत्येक पुलावर खूण करा. पण पुरात बुडणारा ठेंगणा पूल त्यात धरू नका. जिथे 25 किलोमीटर एकही पूल नाही, तो टप्पा पाय ताजे असताना पार पडला पाहिजे. मी स्टेमवर (हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्यावर) चिकटपट्टी लावून पुलांच्या वेळा लिहितो. तिसऱ्या पुलापुढे एक अक्षर जास्त असतं: ‘प’. तिथे अर्ध्या तासाहून जास्त उशीर झालेला असेल, तर पलीकडे जाऊन परत. आजवर दोनदा वळलोय.